सर्व्हे भरून पैसे मिळवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात मी सात वर्षं दारोदार फिरून मार्केट रिसर्चचे इंटरव्ह्यू घेतले. ते काम २०१९ मध्ये सोडलं. पुढच्याच वर्षी लॉकडाउन लागला आणि आजवर प्रश्न विचारणारी मी, मोबाइलवर बसून उत्तरं द्यायला लागले. तेव्हापासून भिशीतल्या मैत्रिणी, कॉलेजात जाणारी भाचरं, नुकतेच निवृत्त झालेले शेजारचे काका, सगळे येऊन साधारण तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला नीट उत्तर मिळावं म्हणून ती इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

खरंच पैसे मिळतात का? किती?

मिळतात, पण थोडे. मी पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली आहे. तिच्यातलं अगदी अलीकडच्या एका गुरुवारचं पान जसंच्या तसं देते.

रात्री ९.१० ला बसले. पहिला सर्व्हे खाद्यतेलाचा, चौथ्याच प्रश्नाला बाहेर, २ मिनिटं. दुसरा मोबाइल रिचार्जचा, "कोटा पूर्ण झाला आहे", १ मिनिट. तिसरा आरोग्यविम्याचा. त्यात ११ मिनिटं घरातल्या सगळ्यांची वयं, दुखणी, हप्ते सांगितले आणि मग "आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही". चौथा शाम्पूचा, पूर्ण झाला, १९ मिनिटं, ३० रुपयांचे पॉइंट. पाचवा दुधाच्या पिशव्यांचा, पूर्ण, ८ मिनिटं, १२ रुपये. लॉगिन, ओटीपी, पान उघडायची वाट पाहणं यात आणखी चौदा मिनिटं गेली. १०.०५ ला उठले. पंचावन्न मिनिटांत ४२ रुपये.

सगळे दिवस इतके कोरडे जात नाहीत. एकदा एका औषध कंपनीसाठी मधुमेहाच्या रुग्णांच्या घरच्यांशी तासभर व्हिडिओवर बोलायचं होतं. सासऱ्यांच्या इन्सुलिनमुळे मी त्यात बसले आणि त्या एका तासाचे ८०० रुपये मिळाले. पण असं काम वर्षातून एकदा-दोनदा येतं. चार पॅनेल (सभासदांना सर्व्हे पाठवणाऱ्या वेबसाइट) मिळून माझे महिन्याला कधी सहाशे होतात, कधी पंधराशे. गॅसचा सिलिंडर किंवा मुलीच्या वह्या निघतात. घरभाडं यातून निघेल, या हिशोबाने कुणी यात उतरू नये, हे मी प्रत्येकाला आधी सांगते.

मग ही नोकरी आहे, धंदा आहे की नुसता टाइमपास?

कायद्याच्या नजरेत नोकरी नाही. ऑनलाइन पॅनेलच्या अटी वाचल्यात तर तिथे तुम्हाला "सदस्य" म्हटलेलं दिसेल. मालक आणि कर्मचारी असं कोणतंही नातं निर्माण होत नाही, हे स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि मिळणाऱ्या पैशालाही पगार न म्हणता मोबदला किंवा बक्षीस म्हणतात. ॲमेझॉनच्या मेकॅनिकल टर्कवर (इंटरनेटवरून छोटी-छोटी कामं देणारी ही वेबसाइट २००५ पासून चालू आहे) काम करणाऱ्याला सरळ स्वतंत्र कंत्राटदार म्हणतात. घरोघर फिरणाऱ्या इंटरव्ह्यूअरचंही बहुतेक तसंच असतं: इंटरव्ह्यूमागे रेट, महिन्याचं काही बांधलेलं नाही.

याचा रोजच्या जगण्यातला अर्थ असा. भविष्यनिर्वाह निधी नाही, ईएसआय नाही, किमान वेतन नाही, रजा नाही. अकरा मिनिटं उत्तरं देऊन बाहेर काढलं तर त्या अकरा मिनिटांचे पैसे मागायला दार नाही. बँकेत कर्जाला गेलात तर हे उत्पन्न फारसं धरत नाहीत.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिच्यात "गिग कामगार" व "प्लॅटफॉर्म कामगार" यांची व्याख्या पहिल्यांदाच देशपातळीवरच्या कायद्यात आली. टॅक्सी, डिलिव्हरी अशा कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरायची तरतूद तिथे आहे. सर्व्हे भरणाऱ्यांच्या नावाने कुणी अशी वर्गणी भरल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगार म्हणून नाव मात्र नोंदवता येतं, वय १६ ते ५९ हवं. फिल्डवर फिरणाऱ्या माझ्या जुन्या मैत्रिणींना मी ते करायलाच लावलं.

सगळं सांगून झाल्यावर मधेच बाहेर का काढतात?

सगळ्यात जास्त चिडचीड होते ती इथे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

समजा एखाद्या कंपनीला एक हजार उत्तरं हवी आहेत. त्या हजारात किती बाया, किती पुरुष, कोणत्या वयाचे, कोणत्या गावाचे, कोणता ब्रँड वापरणारे, हे आधीच ठरलेलं असतं. यालाच कोटा म्हणतात. पस्तीस ते चव्वेचाळीस वयाच्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या बायांचा खण भरला की माझ्यासारखी पुढची बाई कितीही खरी असली तरी त्यांना नको असते. फिल्डवर असताना हे आम्हाला सकाळीच सुपरवायझर सांगायचा: "आज फक्त दुचाकीवाले पुरुष, २५ ते ३४." मग चहा ठेवून बसवणाऱ्या काकूंना नमस्कार करून निघावं लागायचं. मोबाइलवर तो नमस्कार कुणी करत नाही, एवढाच फरक.

दुसरं कारण सुरुवातीचा तो ठरावीक प्रश्न: तुमच्या घरात कुणी जाहिरात, मार्केट रिसर्च, वृत्तपत्र किंवा टीव्ही, किंवा या वस्तूच्या निर्मिती-विक्रीत काम करतं का? "हो" म्हटलं की बाहेर. फिल्डवर होते तोवर मी स्वतः यात बसत नव्हते, म्हणून खातंच उघडलं नाही. आजही "पूर्वी कधी काम केलं आहे का" असं विचारलं तर मी हो म्हणते आणि बाहेर पडते.

तिसरं, उत्तरांमधली विसंगती. प्रोफाइलमध्ये वय ४१ आणि सर्व्हेत ३६. घरात मूल नाही म्हणालात आणि दहाव्या प्रश्नात डायपरचा ब्रँड सांगितलात. यंत्र हे ताडून पाहतं. तसंच वीस मिनिटांचा सर्व्हे चार मिनिटांत उरकणारे, सगळ्या ओळींना एकाच रकान्यातलं उत्तर देणारे, "या ओळीत 'पूर्णपणे असहमत' निवडा" असं लिहिलेलं असूनही तिथे भलतंच निवडणारे, हे गाळले जातात. ब्रँडच्या यादीत मुद्दाम एखादं अस्तित्वात नसलेलं नाव घुसवतात. ते वापरतो म्हणालात की संपलं.

दोन-तीन मिनिटांत बाहेर काढलं तर मी मनाला लावून घेत नाही. पण तेच पॅनेल वारंवार दहा-बारा मिनिटं माहिती घेऊन मग अपात्र ठरवत असेल, तर ते फुकटात काम करून घेणं आहे. अशा एका पॅनेलवरचं खातं मी दोन महिन्यांची नोंद पाहून बंद केलं.

प्रत्येक वेळी फ्रिज, वॉशिंग मशीन, शेतजमीन का विचारतात? यांना काय करायचंय?

भिशीतल्या सगळ्यांना हा प्रश्न संशयास्पद वाटतो. त्यामागे चोरीचा डाव नाही, तुमचा वर्ग ठरवायची ती पद्धत आहे. २०११ मध्ये मार्केट रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया आणि मीडिया रिसर्च यूजर्स कौन्सिल यांनी ग्राहकांचं नवं वर्गीकरण आणलं. त्यात दोनच गोष्टी पाहतात. घरात मुख्य कमावणाऱ्याचं शिक्षण किती, आणि अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत. वीजजोडणी, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप, मोटारगाडी, एसी आणि शेतजमीन. या दोन उत्तरांवरून ए-१ पासून ई-३ पर्यंत बारा खणांपैकी तुमचा खण ठरतो.

पगार थेट विचारला तर लोक एक तर वाढवून सांगतात नाहीतर दडवतात. फ्रिज आहे की नाही, हे मात्र सहज खरं सांगतात. मी स्वतः ही यादी शेकडो दारांत वाचली आहे. कवठेमहांकाळच्या एका आजोबांनी शेतजमिनीच्या प्रश्नावर मला आत नेलं आणि ट्रंकेतला सातबारा काढून दाखवला. तेवढ्याची गरज नव्हती, पण त्यांना उत्तर पुराव्यानिशी द्यायचं होतं.

जास्त सर्व्हे मिळावेत म्हणून थोडं वाढवून सांगितलं तर काय बिघडतं?

खूप बिघडतं. इथे मी कुणाचीही भीड ठेवत नाही.

आमच्या टीममध्ये सोलापूरला एक मुलगा होता. हुशार, बोलका. दिवसाला आठ इंटरव्ह्यू करायचे, ऊन चाळीसच्या वर, लोक दार उघडत नव्हते. त्याने तीन दिवस एका हॉटेलात बसून फॉर्म भरले. प्रत्येक कामात काही घरांना पुन्हा फोन जातो किंवा दुसरा माणूस जाऊन येतो, त्याला बॅकचेक म्हणतात. बॅकचेकला पहिल्याच घरातून उत्तर आलं, "आमच्याकडे कोण आलंच नाही हो." त्याचे सगळे, अगदी खरे घेतलेले इंटरव्ह्यूही रद्द झाले, पैसे बुडाले, आणि ती चोवीस घरं आम्ही उरलेल्यांनी भर उन्हात पुन्हा केली.

पण माझं म्हणणं पकडलं जाण्यापुरतं नाही. त्याच कामात मी एका विडी वळणाऱ्या बाईकडे गेले होते. हात सुपातच होते, नजर वर न करता ती उत्तरं देत होती. साबणाची मोठी वडी स्वस्त पडते, तरी लहान का घेता, असा प्रश्न होता. ती म्हणाली, "रोजचं रोज मिळतं, तर रोजचं रोजच आणावं लागतं. मोठी आणली तर त्या दिवशी भाजी काय आणू?" मी हे वाक्य जसंच्या तसं टॅबवर टाइप केलं. त्या हॉटेलात बसून भरलेल्या चोवीस फॉर्ममध्ये असं एकही वाक्य नव्हतं, सगळीकडे "क्वालिटी चांगली आहे" होतं. तिच्यासारख्या बायांचं म्हणणं कंपनीच्या टेबलापर्यंत पोचायचा रस्ता हा एवढाच, आणि खोटं उत्तर तो रस्ता अडवतं. तुम्ही घरी बसून "माझ्याकडे दोन गाड्या आहेत" असं टिचकवता, तेव्हा एका खऱ्या माणसाची जागा भरता.

मोकळ्या चौकटीत दोन ओळी लिहायला सांगतात, तिथेही तेच. हल्ली लोक दुसरीकडून तयार उत्तर आणून चिकटवतात. ते ओळखू येतं आणि खातं बंद होतं. "भाकरी थापायच्या आधी हात धुते, तेव्हा वासाचा साबण नको वाटतो" असं साधं लिहा. नेमकं तेच त्यांना हवं असतं.

मराठीत सर्व्हे मिळतात का?

काही मिळतात, बरेचसे इंग्रजी किंवा हिंदीत असतात. मराठीचा पर्याय दिसला तर मी तोच घेते. भाषांतर मात्र पुष्कळदा यंत्राने केलेलं असतं. एकदा "तुम्ही या ब्रँडशी किती जवळीक अनुभवता" असं डिटर्जंटबद्दल विचारलं होतं. प्रश्न कळला नाही तर अंदाजाने बटण दाबू नका. भाषा बदलायची सोय असेल तर मूळ प्रश्न पाहा, आणि शेवटी सूचनांची चौकट असते तिथे चुकीचं वाक्य लिहून कळवा. मी तीनदा कळवलं, एकदा सुधारलेलं दिसलं.

कोणत्या पॅनेलपासून सुरुवात करू?

गूगल ओपिनियन रिवॉर्ड्स सगळ्यात सोपं. दोन-चार प्रश्न, काही रुपये. अँड्रॉइडवर मात्र ते प्ले स्टोअरच्या खात्यात जमा होतात आणि तिथेच खर्च करावे लागतात, हातात येत नाहीत. त्यापुढे टोलुना, यूगव्ह ही जुनी, नावाजलेली पॅनेल आहेत. एकदम दहा ठिकाणी नाव नोंदवू नका, दोन पुरेत. आणि या कामासाठी वेगळा ईमेल काढा. माझ्या घरच्या ईमेलवर एके काळी लाइटबिल शोधायला दहा मिनिटं लागायची.

पैसे हातात कसे पडतात?

बहुतेक ठिकाणी पॉइंट साठतात, ठरावीक आकडा झाला की गिफ्ट व्हाउचर किंवा पेपॅल. पेपॅलने भारतातल्या भारतातले व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले. परदेशातून येणारे पैसे अजून येतात, ते आपोआप तुमच्या बँक खात्यात जमा होतात. त्यासाठी पॅन द्यावा लागतो, आणि डॉलरचे रुपये होताना थोडी रक्कम कापली जाते.

नाव नोंदवण्याआधी दोन आकडे शोधा. पहिला, किमान किती पॉइंट झाल्यावर पैसे काढता येतात. दुसरा, किती महिने खातं न वापरल्यास पॉइंट रद्द होतात. आईच्या आजारपणात मी पाच महिने एका पॅनेलकडे फिरकले नाही. परत आले तेव्हा साडेचारशे रुपयांचे पॉइंट शून्य झाले होते. अटींत लिहिलेलं होतं, मी वाचलेलं नव्हतं. तेव्हापासून किमान आकडा झाला की त्याच दिवशी काढून घेते. जमा झालेले पॉइंट नंतर परत कापलेही जातात, कारण कंपनीने तुमचं उत्तर मागाहून नाकारलेलं असतं.

नोंदणीसाठी आधी पैसे भरायला सांगतात. भरू का?

नाही. एक रुपयाही नाही. कंपनीला तुमचं मत हवं आहे, तर पैसे तिकडून इकडे यायला हवेत.

पस्तिशीच्या पुढच्या लोकांना स्पीक एशिया आठवत असेल. सिंगापूरची कंपनी म्हणून २०१० मध्ये इथे आली. ११,००० रुपये भरून सभासद व्हायचं, आठवड्याला दोन सर्व्हे भरायचे, प्रत्येकी ५०० रुपये. म्हणजे अकरा आठवड्यांत मुद्दल वसूल, पुढे सगळा नफा. शिवाय खाली माणसं जोडली की त्यांच्यावर कमिशन. सुरुवातीच्या लोकांना पैसे मिळाले, त्यांनी भाऊ, मेहुणे, ऑफिसातले जोडले. लाखो लोकांनी पैसे भरले. २०११ मध्ये पैसे थांबले, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला, आणि सभासद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

माझ्या वहीतला हिशोब त्याच्या शेजारी ठेवा. शाम्पूच्या १९ मिनिटांच्या खऱ्या सर्व्हेचे ३० रुपये. जो कुणी सामान्य सर्व्हेचे ५०० रुपये देतो म्हणतो, तो ते कुठल्या ग्राहक कंपनीकडून आणतोय, हे विचारा. स्पीक एशियात पैसे येत होते ते नव्या सभासदांच्या ११,००० मधून.

टेलिग्रामवर काम आलंय. व्हिडिओ लाइक करायचे, हॉटेलला रेटिंग द्यायचं. पहिले १५० रुपये आलेसुद्धा!

ते १५० रुपये आमिष आहे. पुढे "प्रीपेड टास्क" येईल: हजार भरा, तेराशे परत. ते मिळतील. मग पाच हजार, मग तीस हजार, आणि मग तुमचे पैसे "अडकले" आहेत, ते सोडवायला आणखी भरा. ग्रुपमध्ये "मला पैसे मिळाले" म्हणून स्क्रीनशॉट टाकणारे सगळे त्यांचेच असतात. आमच्या गल्लीतल्या एका शिक्षिकेचे असे १ लाख ४० हजार गेले. लाजेने चार दिवस तिने घरात सांगितलं नाही, आणि ते चार दिवसच महागात पडले.

पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० ला फोन लावा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा आणि बँकेला कळवा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. कुणी "तुमचं खातं वापरायला द्या, कमिशन देतो" म्हणालं तर अजिबात देऊ नका. दुसऱ्याचे लुबाडलेले पैसे तुमच्या खात्यातून फिरतात आणि पोलीस आधी तुमच्या दारात येतात.

डेटा एंट्रीच्या नावाखालीही एक प्रकार चालतो. काम झाल्यावर "तुमची अचूकता कमी भरली, करार मोडला, भरपाई द्या" अशी वकिलाच्या नावाची नोटीस व्हॉट्सॲपवर येते. घाबरून पैसे भरू नका. नोटीस जपून ठेवा आणि पोलिसांकडे जा.

आधार, पॅन, बँक तपशील द्यायचे का?

सर्व्हे भरायला आधार लागत नाही. पॅन लागतो तो पैसे देताना, आणि तोही ओळखीच्या पेमेंट सेवेला. ओटीपी, यूपीआय पिन, कार्डाच्या मागचे तीन आकडे कुठलंही खरं पॅनेल मागत नाही. जात, आजार, राजकीय मत असे प्रश्न येतात तेव्हा "सांगू इच्छित नाही" हा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो, तो खुशाल निवडा.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने होतो आहे. त्यात तुमच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी आहेत. तुमची माहिती कशासाठी घेतोय ही सूचना मराठीत मिळण्याची सोय द्यावी लागेल, आणि दिलेली संमती ज्या सहजतेने दिली त्याच सहजतेने मागे घेता आली पाहिजे.

टॅक्स भरावा लागतो का?

उत्पन्न आहे म्हणजे हिशोबात धरावं लागतं, मग ते व्हाउचर असो वा रोख. दुसरी काही कमाई नसलेल्या गृहिणीला, विद्यार्थ्याला प्रत्यक्षात कर लागत नाही. २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही, आणि एकूण नेहमीचं उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. नोकरी करणाऱ्याने मात्र हे पैसे पगारात मिळवून "इतर स्रोतांपासून उत्पन्न" म्हणून दाखवावेत. नियमित, मोठ्या प्रमाणावर करत असाल तर तो व्यवसाय ठरू शकतो, तेव्हा एकदा सीएला विचारा.

फिल्डवरच्यांनी टीडीएसकडे, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या कराकडे, लक्ष द्या. कंत्राटी कामावर एका बिलात ३०,००० किंवा वर्षभरात १ लाखाच्या वर गेलं की वैयक्तिक कंत्राटदाराचा १ टक्का कापतात. पॅन दिला नाही तर २० टक्के. कापलेली रक्कम २६एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या नावावरच्या कराच्या नोंदीत) दिसते का ते पाहा आणि विवरणपत्र भरून परत मागा. सहा-सात वर्षं फिरलेल्या बायांनी हे कधीच मागितलं नाही, आणि ती रक्कम त्यांचीच होती.

मी अमेरिकेत एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर) आहे. घरी बसून सर्व्हे करू शकते का?

न्यू जर्सीहून माझी मावसबहीण हेच विचारत होती. कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, हातात नसेल तर करू नका. एच-४ वरच्या काही जणींना २०१५ पासून ईएडी मिळतो, पण सगळ्यांना नाही. दहा डॉलरच्या व्हाउचरसाठी ग्रीन कार्डाच्या अर्जात अडचण ओढवून घेण्यासारखं हे काम नाही. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलालाच विचारा.

परवाना असेल तर तिथे हे स्वयंरोजगाराचं उत्पन्न धरतात. वर्षाचा निव्वळ आकडा ४०० डॉलरला पोचला की १५.३ टक्के स्वयंरोजगार कराचा हिशोब सुरू होतो. कंपनीकडून फॉर्म आला नाही तरी उत्पन्न दाखवावंच लागतं.

व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारं ॲप) लावून अमेरिकेचं खातं चालवलं तर डॉलरमध्ये जास्त मिळतात म्हणे?

ही फसवणूक आहे. मुलांना यूट्यूबवर कुणीतरी शिकवतं आणि वर "यूएस अकाउंट" विकतंसुद्धा. पैसे काढायच्या वेळी खातं बंद होतं, ते वेगळंच. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये बनावट सर्व्हे उत्तरं विकून सुमारे १ कोटी डॉलरची बिलं लावल्याच्या आरोपावरून आठ जणांवर खटला दाखल झाला. माझ्या भाच्याला मी हे सांगितलं, त्याने त्याच रात्री खातं काढून टाकलं.

घरोघर जाऊन सर्व्हे करायचं काम मिळेल का? त्यात जास्त मिळतात?

जास्त मिळतात आणि कष्टही तसेच. पुण्या-मुंबईतल्या एजन्सी जिल्ह्याच्या गावी सुपरवायझर धरतात, तो मुलं-मुली गोळा करतो. आपल्याकडे या कामाची परंपरा मोठी आहे. धनंजयराव गाडगीळांच्या काळात गोखले संस्थेने पुणे शहराची घरोघर पाहणी केली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे असतं, आणि त्यासाठीही एजन्सी पाहणी करणाऱ्यांची भरती करतात.

काम घेण्याआधी सुपरवायझरला आडपडदा न ठेवता विचारा. रेट केलेल्या इंटरव्ह्यूचा की मंजूर झालेल्या? बॅकचेकला घर बंद सापडलं तर तो इंटरव्ह्यू कुणाच्या माथी? गाडीभाडं वेगळं का? टॅब पडला तर भरपाई किती? पैसे कधी, कुणाच्या खात्यातून? याची उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. माझे एकदा २२ इंटरव्ह्यूंचे पैसे राहिले ते तोंडी बोलण्यावर विसंबल्यामुळेच.

बायांनी ओळखपत्र आणि एजन्सीचं पत्र घेतल्याशिवाय एकाही दारात जाऊ नये. पत्रावर कामाचं नाव, तारखा आणि फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर हवा. इस्लामपूरजवळच्या एका वस्तीवर मला संध्याकाळी दहा-बारा माणसांनी घेरलं होतं, मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा होती. मी पत्र काढून दिलं, त्यांच्यातल्या एका मास्तरांनी त्यावरच्या नंबरला फोन केला, समोरून उचलला गेला. मग त्यांच्याच घरी बसून मी दिवसातला शेवटचा इंटरव्ह्यू केला.